आठवड्याच्या बाजारातील सुकट आणि समुद्राचे शास्त्र

कवठे महांकाळ तालुक्यातील प्राथमिक शाळांत बसणाऱ्या बहुसंख्य मुलांनी समुद्र पाहिलेला नसतो. तालुका पर्जन्यछायेत मोडतो. येथील मुलाला पाणी ठाऊक असते ते विहिरीचे, कूपनलिकेचे, गावतळ्याचे आणि अलीकडे म्हैसाळ योजनेच्या कालव्याचे. अशा मुलांपुढे सागरातील जीवसृष्टीचा पाठ घेताना पाठ्यपुस्तकातील चित्रापलीकडे काय दाखवावे, असा प्रश्न शिक्षकांस पडणे स्वाभाविक आहे.

वास्तविक समुद्राचा एक अंश आठवड्याच्या बाजारात टोपलीत येऊन बसलेला असतो. सुकट आणि वाळलेले बोंबील कोकणपट्टीतून घाट चढून देशावर येतात. ज्या वस्तूचा वास मुलांना ओळखीचा आहे, तिच्यामागील शास्त्र समजावून देणे कठीण नाही. या टोपलीच्या आधाराने मत्स्यसंशोधनाची ओळख शिक्षकांस व्हावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

टोपलीतील अन्नसाखळी

सुकट म्हणजे वाळविलेला जवळा. जवळा हा मासा नव्हे. तो कोळंबीच्या जातकुळीतील अतिशय लहान प्राणी आहे. तो मोठ्या थव्यांनी किनाऱ्याजवळ वावरतो आणि पाण्यातील सूक्ष्म जीवांवर व कुजलेल्या कणांवर जगतो. बोंबील हा मासा मुख्यतः जवळ्यावर पोसला जातो. प्रसंगी आपल्याच जातीची पिल्लेही तो गिळतो. म्हणजे बाजारात शेजारी शेजारी मांडलेल्या दोन ढिगांपैकी एक ढीग हा दुसऱ्याचे अन्न होय. अन्नसाखळी शिकविण्यास याहून सोपे उदाहरण मिळणार नाही.

या साखळीच्या मुळाशी वनस्पतिप्लवक असतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या या वनस्पती सूर्यप्रकाशात आपले अन्न तयार करतात. पृथ्वीवर होणाऱ्या एकूण प्रकाशसंश्लेषणापैकी सुमारे निम्मे समुद्रात होते आणि त्याचा फार मोठा वाटा या सूक्ष्म वनस्पतींचा असतो. शेतातील पिकाप्रमाणे त्यांनाही खत लागते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात भारताच्या पश्चिम किनाऱ्याच्या बऱ्याच भागात खोल थरातील थंड व क्षारयुक्त पाणी वर येते, तर नद्या जमिनीवरील गाळ समुद्रात नेऊन टाकतात. त्यामुळे प्लवकांची वाढ होते आणि तिच्यामागोमाग माशांचीही भरभराट होते. ज्या पावसाची वाट शेतकरी पाहतो, त्याच पावसाळ्यावर कोळ्याचे पीकही अवलंबून असते, ही गोष्ट मुलांस अवश्य सांगावी.

येथे भूगोलाचीही जोड देता येईल. तालुक्यातील पावसाचे पाणी बहुतांशी अग्रणी नदीत उतरते, अग्रणी कृष्णेस मिळते आणि कृष्णा आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागरास मिळते. सुकट येते पश्चिमेच्या अरबी समुद्रातून, आणि गावचे पाणी जाते पूर्वेच्या समुद्रास. समुद्र दिसत नसला तरी गाव त्याच्याशी दोन्ही बाजूंनी जोडलेले आहे.

मासे मोजावे कसे?

शेतातील पीक कापून मोजता येते, गुरे दावणीला मोजता येतात. परंतु पाण्याखालचे मासे कोणी पाहिले आहेत? मत्स्यशास्त्राचा हा मूळ प्रश्न होय. त्याच्या उत्तरासाठी भारतात 1947 साली केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची स्थापना झाली. तिचे मुख्यालय आता कोची येथे असून मुंबईसही तिचे केंद्र आहे. या संस्थेचे कर्मचारी देशभरातील मासळी उतरविण्याच्या बंदरांपैकी नमुन्यादाखल काही बंदरे व काही दिवस ठरवून निवडतात. आलेल्या नौकांपैकी काहींची मासळी जातवार तोलतात, माशांची लांबी मोजतात, आणि त्यावरून सबंध किनाऱ्याचा अंदाज बांधतात. अलीकडच्या वर्षांत भारताच्या मुख्य भूमीच्या किनाऱ्यावर सुमारे 35 लक्ष टन मासळी दरवर्षी उतरते, हे आपणांस याच पद्धतीमुळे कळते.

परंतु किती मासळी उतरली एवढ्यावरून समुद्रात किती मासे उरले हे समजत नाही. समजा, एका बंदरातील नौकांनी पहिल्या वर्षी मिळून 200 दिवस मासेमारी केली आणि 4,000 किलो मासळी आणली. दर नौकादिवसास 20 किलो पडली. दुसऱ्या वर्षी वादळामुळे 100 दिवसच काम झाले आणि 2,400 किलो मासळी मिळाली. एकूण आकडा घटला, तरी दर दिवसास 24 किलो मिळाली. म्हणजे मासे कमी झाले असे म्हणण्यास आधार नाही. तिसऱ्या वर्षी नौका 400 दिवस राबल्या आणि 4,800 किलो मासळी आली. एकूण आकडा सर्वांत मोठा, पण दर दिवसास अवघी 12 किलो. बंदरात आनंद असला तरी धोक्याची सूचना या तिसऱ्या वर्षातच आहे.

हे उदाहरण केवळ कल्पनेतील नाही. 2019 साली महाराष्ट्राची सागरी मासळी सुमारे 2 लक्ष टनांवर आली. गेल्या 45 वर्षांतील तो नीचांक होता. त्या वर्षी अरबी समुद्रात एकामागून एक चक्रीवादळे झाली आणि नौकांचे अनेक दिवस वाया गेले. तेव्हा या घटीत वादळांचा वाटा किती आणि अतिरेकी मासेमारीचा किती, हे केवळ एकूण आकड्यावरून ठरविता येत नाही. इयत्ता पाचवीच्या भागाकाराच्या तासास हे उदाहरण घालावे. आकड्याला कशाने भागावयाचे हे कळणे, हेच शास्त्राचे पहिले पाऊल होय.

वय ओळखण्याची युक्ती

माशाच्या मस्तकात कानाच्या ठिकाणी लहान खड्यासारखे कठीण भाग असतात. झाडाच्या बुंध्यात वर्षागणिक वर्तुळे पडतात त्याप्रमाणे या कर्णाश्मांवर वाढीची वलये उमटतात. थंड देशांत हिवाळ्यात वाढ मंदावत असल्याने ती स्पष्ट दिसतात. आपल्या उष्ण समुद्रात ती तितकी स्पष्ट नसतात. म्हणून येथील शास्त्रज्ञ हजारो माशांची लांबी महिन्यामागून महिने मोजतात आणि एका पिढीचा घोळका किती वेगाने वाढतो ते पाहतात. मासा किती लांबीचा झाला म्हणजे प्रथम अंडी घालतो, हेही त्यांस शोधावे लागते.

या शेवटच्या प्रश्नावरच सर्व काही अवलंबून आहे. एकदाही अंडी न घातलेला मासा पकडला, तर त्या माशाबरोबर त्याची पुढची पिढीही जाते. महाराष्ट्रात सरंगा, म्हणजे रुपेरी पापलेट, याच्या बाबतीत नेमके हेच घडत आले आहे. लहान आसाच्या जाळ्यांत त्याची कोवळी पिल्ले मोठ्या प्रमाणात सापडतात. राज्य शासनाने 2023 साली पापलेटास राज्यमासा म्हणून घोषित केले. त्याच वर्षी संशोधन संस्थेच्या शिफारशींवरून 54 जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबीही ठरवून दिली. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांस पावसाळ्याच्या आरंभी, सामान्यतः 1 जून ते 31 जुलै, मासेमारीची बंदी असते, तीही मुख्यतः प्रजननाचा काळ सांभाळण्यासाठी होय.

तथापि नियम करणे सोपे आणि पाळणे कठीण असते. जवळा स्वतःच इतका लहान असतो की त्याला धरावयाचे तर जाळे बारीकच हवे, आणि बारीक जाळ्यात इतर माशांची पिल्लेही येणारच. जवळा अजिबात धरू नये असे म्हटले, तर लहान नौकेवाल्याची चूल आणि सुकट वाळविणाऱ्या स्त्रियांची मजुरी बंद पडते. तेव्हा कोणत्या महिन्यात, कोणत्या ठिकाणी, किती आसाचे जाळे वापरावे, हे शोधून काढणे हेच संशोधनाचे काम आहे. मासेमारी थांबविणे हा त्याचा हेतू नसून ती पुढील पिढीसही करता यावी हा आहे.

गावतळे आणि समुद्र यांतील भेद

तालुक्यातील ज्या तळ्यांत पाणी टिकते तेथे रोहू, कटला आणि मृगळ यांचे बीज सोडण्याची पद्धत आहे. या माशांची एक अडचण होती. साठलेल्या पाण्यात ते वाढतात, पण अंडी घालीत नाहीत. त्यासाठी त्यांना नदीचे पुराचे वाहते पाणी लागते. म्हणून पूर्वी मत्स्यबीज नद्यांतूनच गोळा करावे लागे. 10 जुलै 1957 रोजी ओडिशातील अंगुळ येथे डॉ. हिरालाल चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्या मेंदूजवळील पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या कुळातील माशांस बंदिस्त पाण्यात अंडी घालावयास लावले. आज गावोगाव मिळणारी बोटुकली त्या शोधाचे फळ आहे. म्हणूनच 10 जुलै हा दिवस राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

तळे उन्हाळ्यात आटले, त्यातील शेवटचा मासाही काढला, तरी पुढच्या पावसाळ्यात बीज विकत आणून सोडता येते. समुद्राचे तसे नाही. त्याचे बियाणे त्याच्याच पोटात असते. ते संपले तर आणून टाकण्यासारखे दुसरे कोठार नाही. कूपनलिका खोल खोल नेऊन ज्या गावाने भूजल उपसून काढले, त्या गावातील मुलास ही गोष्ट वेगळी समजावून सांगण्याची गरज पडत नाही. व्याज खावे, मुद्दल राखावे, हा नियम विहिरीस आणि समुद्रास सारखाच लागू आहे.

तळ्याबाबत एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. कोणताही परका मासा तळ्यात सोडू नये. आफ्रिकन मागूर हा खादाड मासा स्थानिक जातींचा नाश करतो, म्हणून त्याच्या पालनास देशात 2000 सालापासून बंदी आहे.

वर्गात करावयाचे तीन उपक्रम

पहिला उपक्रम चिंचोक्यांचा. एका गाडग्यात न मोजता चिंचोके भरावे. त्यातील 50 काढून त्यांवर चुन्याची खूण करावी, ते परत टाकून गाडगे चांगले हलवावे. मग न पाहता 40 चिंचोके काढावे. त्यांत 5 खुणेचे निघाले, तर एकूण संख्या 50 गुणिले 40 भागिले 5, म्हणजे सुमारे 400 असावी. नंतर सर्व चिंचोके मोजून अंदाज पडताळावा. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ पीटरसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माशांस खुणा करून अशाच विचारास चालना दिली. खूण पुसली गेली किंवा गाडगे नीट हलविले नाही तर उत्तर का चुकते, हे मुलांनाच विचारावे.

दुसरा उपक्रम जाळ्याचा. कांद्याची जाळीदार पिशवी दोन्ही टोकांनी ताणावी. तिची भोके मिटतात, आणि ज्यातून दाणा सहज गळत होता त्यातून तो गळेनासा होतो. ओढल्या जाणाऱ्या जाळ्याच्या शंकरपाळ्याच्या आकाराच्या आसांचे असेच होते. चौकोनी आसाचे जाळे ताणले तरी उघडे राहते आणि पिल्ले निसटून जातात, असे प्रयोगांती दिसून आले आहे.

तिसरा उपक्रम लांबी मोजण्याचा. पन्नास वाळलेले बोंबील, किंवा ते शक्य नसल्यास चिंचेच्या पन्नास शेंगा, पट्टीने मोजून लांबीनुसार गट पाडावे व फळ्यावर स्तंभालेख काढावा.

हे उपक्रम घेताना दोन पथ्ये पाळावी. वर्गातील मुलांची घरे भिन्न आहाराची असतात. मांसाहार न करणाऱ्या मुलास सुकट हातात घेण्याचा आग्रह करू नये, आणि सुकट खाणाऱ्या मुलाची कोणी वासावरून थट्टा करणार नाही, हेही पाहावे. चिंचोके आणि शेंगा या कामी सर्वांस चालतात. दुसरे असे की, तळ्यावर सहल नेल्यास मुलांना पाण्यात उतरू देऊ नये व सोबत गावातील जाणते प्रौढ असावेत.

समुद्र न पाहिलेले मूलही समुद्राचा विचार करू शकते. बाजारातील टोपलीपुढे उभे राहून 'हे आले कोठून, वाढले कशावर, आणि पुढच्या वर्षी येईल काय?' असे तीन प्रश्न त्याने विचारले, म्हणजे पाठाचे सार्थक झाले असे समजावे.