कुशिंग लक्षणसमूह
अधिवृक्क ग्रंथींच्या (मूत्रपिंडांच्या वरच्या टोकांवरील अंतःस्रावी ग्रंथींच्या) बाह्यकातून कॉर्टिसॉल हे हॉर्मोन दीर्घकाल अतिरिक्त स्रवल्याने उद्‌भवणारी विकृती. अमेरिकन मेंदू-शस्त्रक्रियातज्ञ हार्वी कुशिंग यांनी १९३२ मध्ये तिचे सविस्तर वर्णन केले. गोल, लालसर चेहरा, मेदयुक्त धड, कृश हातपाय, पोटावर जांभळे पट्टे व रक्तदाबवृद्धी ही लक्षणे आढळतात. रात्री १ मिग्रॅ. डेक्सामेथासोन देऊनही सकाळी रक्तातील कॉर्टिसॉल पुरेसे न घटल्यास विकृतीचा संशय बळावतो. मूळ दोष बहुधा पोष ग्रंथीतील अर्बुदात, क्वचित अधिवृक्क ग्रंथीतच असतो; अर्बुद शस्त्रक्रियेने काढतात. स्टेरॉइड औषधांच्या दीर्घ सेवनानेही हीच लक्षणे उद्‌भवतात. तेव्हा ग्रंथींचे स्वतःचे कार्य मंदावलेले असल्याने औषध एकाएकी थांबविणे प्राणघातक ठरू शकते. ते वैद्यकीय देखरेखीखाली क्रमाक्रमाने कमी करावे लागते.