घरची माउली आणि गहाणखत

दापोली तालुक्यातील पालगडच्या यशोदाबाई साने १९१७ साली निवर्तल्या. पुढे १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांचे चिरंजीव साने गुरुजी यांनी ‘श्यामची आई’ लिहून त्या माउलीस अमर केले. खोताचे ते घराणे कर्जात बुडाले. कर्ज पुरुषांनी काढिले, परंतु सावकाराच्या माणसाचे बोल त्या पुस्तकातील आईस ऐकावे लागले.

त्याच तालुक्यात, हर्णे येथे, आमच्या घरीही असाच प्रसंग येऊ घातला होता. ज्येष्ठ भगिनीच्या विवाहासाठी वडील भाताचे खाचर गहाण टाकण्यास निघाले. मातोश्रींनी हातातील पाटल्या काढून पुढे ठेविल्या व म्हणाल्या, “पाटल्यांवाचून हात अडणार नाहीत, खाचरावाचून चूल अडेल.” विवाह अंगणातच झाला, घरचाच तांदूळ वाढिला. पाटल्या पुन्हा कधी झाल्या नाहीत, व त्यांनीही तो विषय काढिला नाही.

वृद्धापकाळी नातवंडांस शेजारी बसवून त्या बियाण्याची मुडी बांधावयास शिकवीत. आज तीच नातवंडे त्या खाचरात लावणी करितात.

महसूल खात्याच्या नोकरीत सातबाऱ्यावर कर्जाचे अनेक बोजे आम्ही आमच्या हाताने चढविले. त्यांपैकी कितींच्या आधी घरच्या स्त्रीस विचारिले गेले असेल? कृषिबंधूंनो, सही करण्यापूर्वी तिला एकवार अवश्य विचारावे.