मे महिन्यातलं बर्फावरचं ऊन

उन्हाळ्यात बाहेरची कामं सकाळी उरकावीत आणि अकराच्या आत घर गाठावं, हे विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. अमेरिकेच्या वायव्य भागात, हिमनद्यांनी वेढलेल्या ज्वालामुखींवर मे-जूनमध्ये स्कीइंगला जाणारी माणसंही एकमेकांना जवळपास हेच बजावतात. पहाटेच्या आधी निघा, सकाळी माथा गाठा, ऊन चढायच्या आत खाली या. हवा शून्याच्या आसपास, पायाखाली काही मीटर बर्फ, आणि धास्ती कसली, तर उन्हाची.

हा विषय काढायचं कारण असं, की सिएटल आणि पोर्टलंड परिसरात आता बरीच मराठी मुलं नोकरीला आहेत. तिथे रुजली की ती डोंगरात जायला लागतात. मग इकडे आईवडील ओळखीच्या डॉक्टरला विचारतात, ‘‘बर्फात जातो म्हणतो, थंडी बाधणार नाही ना हो?’’ थंडीची तयारी ही मुलं चोख करतात, त्याच्या वस्तूंची मोठमोठी दुकानंच तिथे आहेत. मी उलट विचारतो, गॉगल कसला घेतलाय आणि परत किती वाजता फिरतो?

हे डोंगर कॅस्केड रांगेतले. कॅनडाच्या सीमेजवळ माउंट बेकर (३,२८६ मीटर), खाली रेनियर (४,३९२ मीटर), सेंट हेलेन्स, ॲडम्स, ओरेगॉन राज्यात हूड आणि कॅलिफोर्नियात शास्ता. सगळे ज्वालामुखी, आणि झोपलेले म्हणावेत तर झोप फार गाढ नाही. सेंट हेलेन्सचा १८ मे १९८० रोजी स्फोट झाला आणि ५७ माणसं गेली. त्याच डोंगरावर आता मे महिन्यातल्या ‘मदर्स डे’ला बायका-पुरुष सगळे झगे घालून चढतात आणि स्कीवरून खाली येतात. डोंगर कितीही गंभीर असला तरी माणसं हौस सोडत नाहीत.

या रांगेवर इतका बर्फ का, हे कोकण-घाट पाहिलेल्याला पटकन कळेल. सह्याद्रीला अडून ढग जसे पाऊस टाकतात, तसे पॅसिफिकवरून आलेले ढग या रांगेला अडून हिवाळाभर हिम टाकतात. बेकरच्या स्की केंद्रावर १९९८-९९ च्या हंगामात सुमारे २९ मीटर हिम पडल्याची नोंद आहे. हा साठा जूनपर्यंत पुरतो. तोवर हिवाळ्यातले ठिसूळ थर दबून बसतात, दिवस मोठे होतात, आभाळ मोकळं होतं. म्हणून हौशी लोक वसंताच्या अखेरीची वाट पाहतात. हे स्कीइंग रोपवेचं नाही. स्कीच्या तळाला मखमलीसारखी लव असलेली पट्टी चिकटवायची. मांजराच्या पाठीवरून हात फिरवावा तशी ती पुढे सरकते, मागे घसरत नाही. तसं चार-सहा तास चढायचं, माथ्यावर पट्टी काढायची आणि घसरत उतरायचं. वाटेत मदतनीस नाही, दवाखाना नाही.

आता घड्याळाचं गणित. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठून हिमकण झाल्याची बातमी दर हिवाळ्यात आपण वाचतो. गावातला पारा त्या रात्री शून्याच्या बराच वर असतो, तरी गवतावरचं, गाड्यांच्या टपावरचं पाणी गोठतं. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन आपली उष्णता थेट आभाळात सोडून देते आणि पृष्ठभाग हवेपेक्षाही गार होतो. हिमाला हे काम फार चांगलं जमतं. दिवसा विरघळलेला वरचा थर रात्री कडक होतो, पुन्हा सकाळी सैल होतो. असं बरेच दिवस झालं की त्याचे साबुदाण्याएवढे गोल दाणे बनतात. स्की करणारे याला ‘कॉर्न’ म्हणतात. सकाळी वरचे दोन-तीन सेंटिमीटर दाणे सुटे आणि खालचा थर अजून टणक, अशी तास-दोन तासांची वेळ येते. सगळा खटाटोप त्या वेळेसाठी.

ती वेळ टळली की तोच उतार बदलतो. दाण्यांमधलं पाणी वाढतं, पाय गुडघ्यापर्यंत रुततो, ओलं हिम स्वतःच्या वजनाने सुटून वाहायला लागतं. ओली हिमलाट कोरड्यापेक्षा सावकाश येते, पण थांबल्यावर ओल्या काँक्रीटसारखी घट्ट बसते. तिच्याखाली गाडलेल्याला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर जगण्याची शक्यता चांगली असते, पुढे ती झपाट्याने घसरते. इतक्या कमी वेळात सोबत्यांखेरीज कोणीच पोहोचत नाही. हिमनदीवर आणखी एक गोष्ट होते. तिच्या खोल भेगांवर हिवाळ्यात हिमाचे पूल तयार होतात. पहाटे त्यांवरून माणूस सहज जातो, दुपारी तोच पूल खचतो.

भेगेत पडून दोराला लटकलेल्याबद्दल एक वैद्यकीय सूचना इथेच देतो, कारण ती उंच इमारतींवर पट्टा बांधून काम करणाऱ्या आपल्याकडच्या कामगारांनाही लागू आहे. निश्चल लटकलेल्या माणसाचं रक्त पायांत साचतं आणि काही मिनिटांत शुद्ध हरपू शकते. त्याने पाय हलवत राहावं, दोराचा फास करून त्यात पाय रोवावा. वर काढल्यावर त्याला आडवं झोपवावं. बसवून ठेवा, असा सल्ला पूर्वी दिला जाई. तो आता मागे पडला आहे.

रात्री ढग असतील तर जमिनीवर गोधडी घातल्यासारखं होतं, उष्णता बाहेर जात नाही आणि हिम गोठतच नाही. अनुभवी माणूस पहाटे तीनला पायाने थर दाबून पाहतो, मऊ लागला तर झोपायला परत जातो. मला या खेळातला सर्वांत शहाणपणाचा भाग हाच वाटतो. अर्थात घड्याळ पाळूनही काही गोष्टी टळत नाहीत. २१ जून १९८१ रोजी रेनियरच्या इंग्रॅहॅम हिमनदीवर बर्फाचा प्रचंड कडा कोसळला आणि ११ जण गाडले गेले. वेळ पहाटेची होती.

डोळ्यांबद्दल मात्र सविस्तर लिहिलं पाहिजे. सरकारी रुग्णालयात रात्रपाळी केलेल्या कोणत्याही डॉक्टरला वेल्डिंगवाला रुग्ण माहीत असतो. दिवसभर काचेशिवाय काम केलेलं असतं, संध्याकाळी नीट जेवलेला असतो आणि मध्यरात्री दोन्ही डोळे गच्च मिटून, पाणी गाळत, कोणाचा तरी हात धरून येतो. डोळ्यांत मूठभर वाळू घातलीय, असं सांगतो. कोणी बटाट्याच्या चकत्या बांधून आलेला असतो, कोणी दूध घालून. बर्फावरच्या उन्हाने होतं ते नेमकं हेच. याला हिमांधत्व म्हणतात. अतिनील किरण पारपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या अगदी पुढच्या पारदर्शक पडद्याच्या, वरच्या पेशी जाळतात. त्या पेशी काही तासांनी गळतात, खालच्या नाजूक नसा उघड्या पडतात, आणि दुखणं तेव्हा सुरू होतं. ऊन लागल्यापासून साधारण सहा ते बारा तासांनी.

घातक आहे तो हा उशीर. दुपारी काहीच वाटत नाही, म्हणून गॉगल कपाळावर सरकवला जातो. मुक्काम वर तंबूत असेल तर पहाटे निघायच्या वेळी डोळे उघडत नाहीत, आणि भेगांनी भरलेल्या हिमनदीवर आंधळा सोबती सांभाळायची वेळ येते. दर हजार मीटर उंचीला अतिनील किरण सुमारे १० टक्क्यांनी वाढतात, ताजं हिम त्यांतले ८० टक्क्यांपर्यंत परत वर फेकतं. टोपी वरचं ऊन अडवते, खालून येणाऱ्याचं काय? त्यामुळे हनुवटीखाली, नाकपुड्यांच्या आत, आणि तोंड उघडं टाकून धापा टाकणाऱ्यांच्या टाळूलासुद्धा पोळतं. विरळ ढगांतूनही हे किरण येतात. आपल्या सावळ्या त्वचेला थोडं संरक्षण आहे, हे खरं, पण पारपटल सगळ्यांचं सारखंच पारदर्शक.

गॉगल अतिनील किरण पूर्ण अडवणारा आणि दोन्ही कडा झाकलेला हवा. नुसती गडद काच घेऊ नये, काळोखामुळे बाहुली मोठी होते आणि काच किरण अडवत नसेल तर उलट जास्तच आत जातात. गॉगल हरवला तर पुठ्ठ्याला बारीक आडव्या चिरा पाडून डोळ्यांवर बांधावा. उत्तर ध्रुवाकडचे इन्युइट लोक हाडाचे आणि लाकडाचे असेच चष्मे शेकडो वर्षं वापरत आले. दुखणं सुरू झालंच, तर अंधार, गार पट्ट्या, पोटातून वेदनाशामक, डोळ्यांत वंगणाचे थेंब, आणि कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर आधी ती काढणं. बहुतेकांना एक ते तीन दिवसांत बरं वाटतं. डोळा बधिर करणारे थेंब औषधाच्या दुकानातून आणून घरी घालत राहू नयेत. आराम लगेच पडतो, पण जखम भरत नाही आणि पारपटल कायमचं बिघडू शकतं. मे महिन्यात रोहतांगला जाणारे आपले पर्यटक कोट आणि गमबूट भाड्याने घेतात, मुलांना मात्र तासन् तास उघड्या डोळ्यांनी बर्फात खेळवतात, म्हणून इतकं लिहिलं.

उंचीचं म्हणाल तर सिएटल समुद्रकाठी आहे. शनिवारी सकाळी तिथून गाडीने निघालेला माणूस रेनियरच्या पॅराडाइज या ठिकाणी १,६४५ मीटरवर उतरतो, संध्याकाळी सुमारे ३,१०० मीटरवरच्या कॅम्प म्यूरला झोपतो आणि रविवारी सकाळी ४,३९२ मीटरच्या माथ्यावर असतो. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्के. इतक्या घाईने चढणाऱ्यांपैकी जवळपास दोन तृतीयांश लोकांना डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं असा विरळ हवेचा त्रास होतो, असं रेनियरवरच्या अभ्यासांत दिसलं. याच डोंगरावर ॲसिटाझोलामाइड या गोळीची एक महत्त्वाची चाचणी झाली. ती १९८२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या लेखकांपैकी टॉम हॉर्नबीन हे भूलतज्ज्ञ, १९६३ मध्ये एव्हरेस्टच्या पश्चिम धारेवरून चढलेले. गोळी उपयोगी आहे, पण डॉक्टरला विचारूनच घ्यावी.

हा त्रास साधारणपणे काही तासांनी सुरू होतो. त्यामुळे एका दिवसात वर जाऊन स्कीवरून झटकन खाली आलेला माणूस बऱ्याचदा त्यातून निसटतो आणि वर झोपलेला सापडतो. निसटलेला मग समजतो, की आपल्याला उंची बाधतच नाही. पुढच्या सुट्टीत विमानाने थेट लेहला, ३,५०० मीटरवर, उतरून दुसऱ्याच दिवशी खारदुंग ला गाठायला निघणारे असेच असतात. चालताना झोक जाणं, असंबद्ध बोलणं, बसल्या जागी धाप लागणं, ही मेंदूला किंवा फुप्फुसांना सूज आल्याची लक्षणं. तिथे एकच उपचार खात्रीचा, लगेच खाली उतरवणं.

राहिला ज्वालामुखी. त्याच्या पोटातून वाफ आणि वायू येत असतात. जिथे ते बाहेर पडतात तिथे हिम आतून वितळून पोकळी होते, वरून पातळ झाकण तसंच राहतं. हूडच्या माथ्याखाली सडक्या अंड्यांचा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. त्याचं प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास थांबतो, म्हणजे धोका टळल्यासारखा वाटतो तेव्हाच तो सर्वांत मोठा असतो. कार्बन डायऑक्साइडला तर वासच नाही, आणि हवेपेक्षा जड असल्याने तो खड्ड्यात साचतो. कॅलिफोर्नियातल्या मॅमथ माउंटनवर ६ एप्रिल २००६ रोजी स्की केंद्राचे सुरक्षा कर्मचारी अशाच एका जागेला कुंपण घालत होते. हिम खचलं, दोघे आत पडले आणि गेले. त्यांना वाचवायला उतरलेला तिसराही गेला.

हे वाचून ग्रामीण भागातल्या डॉक्टरला विहीर आठवेल, नाहीतर शौचालयाची टाकी. पहिला उतरतो, कोसळतो, भाऊ त्याच्यामागे उतरतो, मग शेजारी. तपासायला आलेल्यांत हट्टेकट्टे तरुण असतात आणि अंगावर एक ओरखडाही नसतो. आत पडलेला दिसत असताना काठावर थांबणं किती कठीण असतं हे मी नातेवाइकांच्या तोंडून पुष्कळदा ऐकलं आहे. तरीही थांबायचं. दोराने ओढता आलं तर वरून ओढायचं, आत उतरायचं ते बाहेरची हवा पुरवणारं श्वसनयंत्र असलेल्या माणसानेच. नाकाला ओला रुमाल बांधून काही होत नाही.

१८७० च्या ऑगस्टमध्ये हॅझर्ड स्टीव्हन्स आणि फिलेमॉन व्हॅन ट्रम्प हे रेनियरवर चढले, माथ्यावर त्यांना अंधाराने गाठलं, आणि तिथल्या विवराच्या काठी बर्फातल्या एका वाफेच्या गुहेत रात्र काढून ते वाचले. आजही वादळात सापडलेल्याला ती ऊब खुणावते. जीव गोठायचीच वेळ आली तर तोंडाशी, वारा खेळता असेल तिथे बसावं. उताराने खाली आत जाऊ नये.