बोलण्याबरोबर मंदावणारा दिवा

हौशी रेडिओवाल्याच्या घरी संध्याकाळी गेलात तर त्याच्या खोलीतल्या जुन्या पिवळ्या बल्बकडे बघत बसा. तो माइकसमोर बोलू लागतो आणि बल्ब त्याच ठेक्यात किंचित मंदावतो, पुन्हा उजळतो. जोर दिलेल्या प्रत्येक शब्दाला. माणसाचा उच्चार भिंतीतल्या तारांपर्यंत पोचलेला डोळ्यांनी दिसतो, याहून नवलाची गोष्ट घरगुती विजेत मी पाहिलेली नाही.

हौशी रेडिओवाल्याचा साधा सेट १०० वॅटची लहर सोडतो. ॲम्प्लिफायर ती वाढवतो. भारतात जनरल परवान्यावर ४०० वॅटपर्यंत मुभा आहे. आत गेलेल्या विजेतली साधारण निम्मी उष्णता होऊन जाते, म्हणून बोर्डातून ८०० वॅट खेचावे लागतात. २३० व्होल्टला हे साडेतीन अँपिअर झाले. इस्त्री बहुधा याहून जास्त घेते, पण तापेपर्यंत ती एकसारखी घेते. सिंगल साइडबँड पद्धतीत मात्र बोलणारा गप्प असला की लहर जवळपास नसतेच, आणि तोंड उघडताच मागणी उसळते.

आता असं घर गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोऱ्याच्या आसपास, जंगलातून आलेल्या लायनीच्या टोकाला आहे असं समजा. ट्रान्सफॉर्मरपासून घरापर्यंत जाऊन-येऊन तारेचा रोध एक ओहम धरला, तर प्रत्येक उसळीला साडेतीन व्होल्ट वाटेतच गळतात. हे दीड टक्का झालं. पण तंतूच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या तिपटीहून अधिक वेगानं घटतो, आणि पाच टक्क्यांची थरथर डोळा बरोबर टिपतो. एलईडी दिव्यातलं सर्किट बहुधा ती लपवून टाकतं.

घरातली वायर यात तशी कमी दोषी. मेन बोर्डापासून खोली १५ मीटरवर असेल, तर दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत सव्वा व्होल्टच्या आसपास घट येते, अडीचच्या वायरीत पाऊण. तरीही अडीचचीच ओढावी. स्वतंत्र एमसीबी, १६ अँपिअरचं सॉकेट आणि खरोखर जमिनीत गेलेलं अर्थिंग द्यावं. जुन्या व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये दोन-तीन हजार व्होल्ट असतात आणि स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये ते काही काळ राहू शकतात. तिथे घाईनं हात घालणं जिवावर बेतेल.

खरी गंमत व्होल्टेज उतरल्यावर. आधुनिक स्विचिंग सप्लाय आपले ८०० वॅट सोडत नाही. १८० व्होल्टला तो साडेतीनऐवजी जवळजवळ साडेचार अँपिअर ओढतो. तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गानं वाढते, त्यामुळे ती ६० टक्क्यांनी चढते आणि व्होल्टेज आणखी खाली जातं.

शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यानं हाच नियम उलटा करून, व्होल्टेज चढवून, केवढ्या भव्यपणे राबवलाय! तिथल्या वीज केंद्राजवळून मुंबईजवळच्या पडघ्याकडे निघणारी एकदिश प्रवाहाची लाइन ७५२ किलोमीटर लांब आहे. अधिक-उणे पाच लाख व्होल्टमुळे ती १५०० मेगावॅट अवघ्या १५०० अँपिअरमध्ये नेते. २३० व्होल्टनं तेवढी वीज न्यायची तर ६५ लाख अँपिअर लागले असते.

आणि एवढ्या खटाटोपातून मिळतं काय? १०० चे ४०० वॅट केले की ऐकणाऱ्याच्या सिग्नल मीटरचा काटा एकच घर सरकतो. पण गोंगाटात बुडालेला शब्द अनेकदा तेवढ्यानंच वर येतो. ७ मेगाहर्ट्झसाठी अँटेना म्हणून २० मीटर लांब तार पुरते. झाडांच्या शेंड्यांवरून लहर आयनांबरापर्यंत जाते आणि परतते. धानोऱ्याहून मुंबई सरळ रेषेत सुमारे ८०० किलोमीटर. वर चढून उतरायला लहरीला साडेतीन मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. घरातल्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं, म्हणजे ते पुरं व्हायच्या कितीतरी आधी धानोऱ्यातला उच्चार मुंबईत ऐकू आलेला असतो.