ओसाड गावातल्या चुली

अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या नैऋत्य टोकाला, मेक्सिकोच्या सरहद्दीला लागून टर्लिंग्वा नावाचे गाव आहे. गाव म्हणावे असे तिथे फार काही उरलेले नाही. पडक्या दगडी भिंती, कच्च्या विटांची छप्पर उडालेली घरे, एक जुने कब्रस्तान आणि चहूबाजूंनी चिवावा वाळवंट. वर्षाकाठी पाऊस जेमतेम अडीचशे-तीनशे मिलिमीटर. आपल्या माणदेशातही याहून जास्त पडतो. सर्वांत जवळचे बऱ्यापैकी शहर अल्पाइन, तेही सुमारे १३० किलोमीटरवर. तरीही दरवर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारच्या आधी हजारो माणसे गाड्या, तंबू, पातेली आणि मसाल्याचे डबे घेऊन इथे येतात. डॅलसहून निघणाऱ्याला नऊशेहून अधिक किलोमीटरची सफर करावी लागते. एवढ्या लांब यायचे कशासाठी? तर 'चिली' शिजवण्यासाठी.

चिली म्हणजे नुसती मिरची नव्हे. पूर्ण स्पॅनिश नाव 'चिली कॉन कार्ने', म्हणजे मांसासह मिरची. मांसाचे बारीक तुकडे, वाळलेल्या लाल मिरच्या, लसूण आणि भरपूर जिरे घालून तासन् तास मंद आचेवर शिजवलेला दाट, लालभडक पदार्थ. वाचक भगिनींना आपला खिमा आणि कोल्हापूरचा तांबडा रस्सा एकाच पातेल्यात दिसू लागला असेल, तर अंदाज फारसा चुकलेला नाही. १९७७ मध्ये टेक्सासने या पदार्थाला राज्याचा अधिकृत पदार्थ म्हणून मान्यता दिली.

आम्ही शिक्षक मंडळी वर्गात सांगतो की मिरची मूळची अमेरिका खंडातली, ती सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर आपल्याकडे आली. मुलांना हे पटतच नाही. मिरचीशिवाय आजीचा ठेचा कसा होता, असे विचारतात. उलट बाजूची गोष्ट मात्र आपण क्वचितच सांगतो. टेक्सासच्या चिलीत पडणारे जिरे तिकडचे नाही. ते पश्चिम आशिया आणि भूमध्य समुद्राच्या परिसरातले. स्पेनची माणसे ते जहाजातून पलीकडे घेऊन गेली. अरबीत कम्मून आणि स्पॅनिशमध्ये कोमिनो; नावांतले नाते कानालाच कळते. मिरची इकडे आली, जिरे तिकडे गेले, आणि दोन्हीकडच्या चुलींना वाटू लागले की हे आपल्याच घरचे आहे.

या मेळ्याची सुरुवात एका थट्टेतून झाली. डॅलसचे पत्रकार फ्रँक टॉल्बर्ट यांनी चिलीवर पुस्तक लिहिले होते. १९६७ मध्ये न्यूयॉर्ककडचे विनोदी लेखक एच. अॅलन स्मिथ यांनी एका मासिकात लेख लिहून दावा केला की चिलीतले आपल्याइतके कुणालाच कळत नाही. वर त्यांच्या कृतीत घेवड्याचे दाणे! टेक्सासच्या माणसाला हे म्हणजे बिर्याणीत शेंगदाणे घातल्यासारखे. टॉल्बर्ट आणि मित्रांनी आव्हान दिले आणि आपल्या बाजूने विक फाउलर या पत्रकाराला चुलीसमोर उभे केले. जागा निवडली टर्लिंग्वा. तिथली हजारो एकर जमीन मोटार शर्यतींत गाजलेले कॅरोल शेल्बी आणि त्यांचे वकील मित्र डेव्हिड विट्स यांच्या मालकीची होती. या निमित्ताने जमिनीला गिऱ्हाईक मिळावे, हाही हेतू असल्याचे सांगतात.

२१ ऑक्टोबर १९६७ रोजी सामना झाला. परीक्षक तिघे. एकाचे मत स्मिथला, दुसऱ्याचे फाउलरला. तिसरे परीक्षक स्वतः विट्स. त्यांनी घास तोंडात घातला, थुंकला, आपली जीभ कामातून गेली असे जाहीर केले आणि सामना बरोबरीत सोडवला. म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा यायला कारण मिळाले. दुसऱ्या वर्षी तर तोंडे झाकलेल्या माणसांनी मतांची पेटीच पळवली, अशी हकिकत आजही मिटक्या मारत सांगितली जाते.

थट्टा वाढत गेली, तसे भांडणही वाढले. १९७५ मध्ये शेल्बी आणि त्यांच्या साथीदारांनी आपली स्पर्धा कॅलिफोर्नियाला हलवली. टर्लिंग्वात उरलेल्यांतही १९८३ च्या सुमारास फूट पडली. तेव्हापासून त्याच गावात, त्याच शनिवारी, काही किलोमीटरच्या अंतरावर दोन वेगवेगळ्या स्पर्धा भरतात. एक टॉल्बर्ट आणि फाउलर यांच्या नावाची, दुसरी चिलीप्रेमींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची. एका मोहल्ल्यात दोन कमिट्या आणि दोन मंडप पाहिलेल्या आपल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही.

पण जे दरवर्षी येतात, त्यांना विचारले तर स्पर्धेआधी ते मुक्कामाबद्दल बोलतात. पुष्कळ जण चार-पाच दिवस, काही आठवडाभर आधी येतात. जुने दोस्त ठरलेल्या जागी तंबू ठोकतात, शेजार तोच, झेंडा तोच. मधल्या वर्षात कुणाची नोकरी गेलेली असते, कुणाच्या घरी नातू आलेला असतो, कुणाची खुर्ची कायमची रिकामी झालेली असते. ते सगळे इथे बोलले जाते. वाळवंट मात्र कुणाचे लाड करत नाही. सावलीला झाड नाही, म्हणून छत बरोबर आणायचे. पाणी पुरवून वापरायचे. वारा सुटला की हलका तंबू पतंगासारखा उडतो, म्हणून खुंट्या खोल ठोकायच्या. या दिवसांत दुपारी पारा पंचविशीच्या आसपास आणि पहाटे दहाच्या खाली, म्हणून टोपीही हवी आणि रजईही. रात्री डोक्यावर असे आकाश की शहरातला माणूस बोलायचे विसरतो. शेजारच्या बिग बेंड राष्ट्रीय उद्यानाला २०१२ मध्ये अंधाऱ्या आकाशाचे उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली आहे. या मेळ्यात गाणी असतात, सोंगे असतात, आणि दारूही वाहते, हे लपवण्यात अर्थ नाही. आपल्याला जे घ्यायचे ते निवडून घ्यावे.

शनिवारी सकाळी चुली पेटतात. नियम कडक आहेत. चिली तिथेच, सगळ्यांसमोर, सुरुवातीपासून शिजवायची. घरून तयार आणायची नाही. घेवडा, भात, शेवया असे काहीही भर म्हणून घालायचे नाही. मसाला एकदम न घालता दोन-तीन हप्त्यांत घालतात, कारण लवकर पडलेल्या मसाल्याचा रंग आणि वास शेवटपर्यंत टिकत नाही. आपल्याकडे गरम मसाला उतरवताना घालतात, त्यामागेही हेच शहाणपण आहे.

आम्हाला सर्वांत आवडली ती परीक्षणाची रीत. प्रत्येक स्पर्धकाला एकसारखा झाकणाचा मोठा पेला मिळतो. त्याच्यावर एक क्रमांक झाकून चिकटवलेला असतो आणि त्याची जोडचिठ्ठी स्पर्धकाकडे राहते. पेल्यावर कसलीही खूण करायची नाही. परीक्षक वास, लाल रंग, दाटपणा, चव आणि घास गिळल्यावर मागे राहणारी चव असे पाच गुण पाहतात. समोरचा पेला लखपतीचा की ट्रकचालकाचा, पुरुषाचा की बाईचा, हे त्यांना कळत नाही. शेवटी क्रमांक पुकारला जातो आणि ज्याच्या हातात चिठ्ठी, तो उठून उभा राहतो. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी बारकोड असतो, तसाच हा प्रकार. तपासणाऱ्याने पोर कुणाचे ते पाहू नये, काय लिहिले ते पाहावे.

पण या चोख न्यायाच्या पोटात एक जुना अन्याय दडलेला आहे. परीक्षक नाव पाहत नाहीत हे खरे, मात्र चुलीपाशी कोण उभे राहणार, हे पहिली काही वर्षे नाव पाहूनच ठरत होते. बायकांना स्पर्धेत शिजवायला मज्जाव होता. गंमत अशी की १९६७ च्या तीन परीक्षकांपैकी एक हॅली स्टिलवेल ही त्या मुलुखात पशुपालन करणारी आणि न्यायाधीशाचे काम करणारी बाईच होती. चव घ्यायला बाई चालत होती, स्पर्धक म्हणून नाही! अखेर टेक्सासमधल्याच लुकेनबाख या छोट्याशा वस्तीत बायकांची स्वतंत्र चिली स्पर्धा भरली. टर्लिंग्वाचे दारही फार काळ बंद राहिले नाही. १९७४ मध्ये तिथे जी विजेती ठरली, ती अॅलेगानी जानी नावाची बाई होती.

मुळात ही चिली लोकांपर्यंत पोहोचवली ती बायकांनीच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सॅन अँटोनियो शहरातल्या चौकांत संध्याकाळ झाली की मेक्सिकन बायका कंदील लावून, लांबलचक टेबले मांडून चिली विकत. लोक त्यांना 'चिली क्वीन', म्हणजे चिलीच्या राण्या म्हणत. गाडीवान, शिपाई, व्यापारी, प्रवासी सगळे एका बाकावर बसून जेवत. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात सॅन अँटोनियोच्या चिलीचा स्टॉल लागला आणि तिची कीर्ती दूरवर गेली. पुढे विल्यम गेबहार्ट या जर्मन माणसाने मिरचीची तयार पूड बाजारात आणली आणि नाव कमावले. त्या राण्यांची टेबले मात्र आरोग्याच्या नियमांचे कारण देऊन १९३० नंतरच्या काळात चौकांतून उठवली गेली. पूड विकणाऱ्याचे नाव डब्यावर छापले गेले. चव घडवणाऱ्या बहुतेकींचे नाव कुठेच नाही.

टर्लिंग्वाच्या मातीतही अशीच बिननावाची माणसे आहेत. १९०३ मध्ये हॉवर्ड पेरी नावाच्या शिकागोच्या व्यापाऱ्याने इथे पाऱ्याच्या खाणीची कंपनी काढली. पहिल्या महायुद्धात स्फोटकांसाठी पारा लागे, म्हणून भरभराट झाली. खाणीत उतरणारे बहुतेक मजूर मेक्सिकोतून आलेले. १९४२ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले आणि गाव ओस पडले. खाणीतले अपघात, साथीचे ताप यांनी गेलेले कित्येक त्या कब्रस्तानात आहेत. कुठे दगडांचा ढीग, कुठे वाकडा लाकडी क्रूस, नाव पुसून गेलेले. दरवर्षी २ नोव्हेंबरला आसपासचे लोक तिथे मेणबत्त्या लावतात. त्याच सुमारास पलीकडे चिलीचे तंबू पडत असतात.

हे सारे वाचताना आम्हाला आपली घरे आठवत राहिली. लग्नाच्या देगीचा बावर्ची कोण, हे सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक असते. 'अमक्या भाईची बिर्याणी' असे कौतुकाने सांगितले जाते, आणि ते योग्यच आहे. रात्रभर धुरात उभे राहून शंभर किलोची देग दमावर आणणे सोपे काम नाही. पण जी रोज, वर्षानुवर्षे, न चुकता दस्तरखान मांडते, रमजानमध्ये सर्वांच्या आधी उठून सहेरीची तयारी करते, तिच्या हाताच्या चवीला नाव कुठे असते? 'घरचे जेवण' एवढेच. सालन छान झाले तर सगळे मुकाट्याने जेवतात, आणि मीठ कमी पडले तर मात्र तिचे नाव घेतले जाते.

टर्लिंग्वाकडून घेण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्यासाठी टेक्सासला जायची गरज नाही. हिवाळ्याची सुटी येते आहे. चार-सहा कुटुंबांनी मिळून एखाद्या तलावाकाठी, शेतावर किंवा माळावर एक दिवसाचा, जमले तर एका रात्रीचा मुक्काम काढावा. पाणी आणि सरपण घरून न्यावे, कचरा परत आणावा, निघण्यापूर्वी चूल पाणी घालून पूर्ण विझवावी. त्या दिवशी शिजवण्याचे काम भाऊ, शोहर आणि मोठ्या मुलांनी करावे. कांदा चिरण्यापासून भांडी घासण्यापर्यंत सगळे. घरच्या बायकांनी परीक्षक व्हावे. एकसारख्या वाट्या, वाटीखाली क्रमांक, आणि पाच गोष्टींना गुण. हसून हसून पोट दुखेल आणि भाजलेल्या बोटाबरोबर थोडी अक्कलही येईल.

आणखी एक काम मुलांवर सोपवावे. एक वही घ्यावी. नानीचा दालचा, खालाची खिचडी, शेजारच्या काकूंची लसणाची चटणी, जे जे आवडते त्याची कृती त्यांच्याकडूनच ऐकून लिहावी. किती मूठ, किती चिमूट, मसाला केव्हा घालायचा, सगळे विचारावे. उर्दूत लिहा, मराठीत लिहा, जी लिपी हाताला सोपी वाटेल तीत लिहा. प्रत्येक कृतीच्या वर मात्र जिची ती कृती, तिचे पूर्ण नाव ठळक अक्षरांत लिहायला विसरू नका.