जुन्या इंजिनाचें फ्लायव्हील कसें काढावें

विहिरीवरील जुनें डिझेल इंजिन दुरुस्तीस उघडण्याचा प्रसंग आला, म्हणजे पुष्कळ ठिकाणीं प्रथम घण हातीं घेतला जातो. या घाईचें मोल मागाहून द्यावें लागतें, आणि कधीं कधीं तें जिवाचें असतें.

इंग्लंडांतील डर्सली येथील लिस्टर कारखान्याच्या नमुन्याचीं, सहा अश्वशक्तीचीं व मिनिटास ६५० फेरे घेणारीं इंजिनें राजकोटकडेही तयार होत आलीं आहेत. त्यांस दोन बाजूंस दोन जड फ्लायव्हीलें असतात. चाक दांड्यावर घट्ट धरून ठेवते ती डोकें असलेली, पाचरेसारखी निमुळती चावी. म्हणून आधीं चावी, मग चाक, हा क्रम कधींही सोडूं नये.

प्रथम डिझेलचा कॉक बंद करून कॉम्प्रेशन मोकळें करावें, पट्टा उतरवावा व चाकाखालीं लांकडी ठोकळे देऊन त्याचा भार पेलावा. बाहेर राहिलेला दांडा व चावीची खांच यांवरील गंज खरवडून काढावा आणि रॉकेल सोडून तें रात्रभर मुरूं द्यावें. सकाळीं चावीचें डोकें व चाकाचा तुंबा यांमधील फटींत पोलादी पाचर घालून हलक्या, सारख्या ठोक्यांनीं चावी सोडवावी. त्या वेळीं चावीच्या समोर कोणीं उभें राहूं नये; ती एकाएकीं उडते. चाक तरीही न हललें, तर तुंब्यास धरणारा पुलर लावावा. आऱ्यांत पहार घालून उचकूं नये.

फ्लायव्हील बिडाचें असतें. बीड दाब सोसतें, परंतु घाव व ताण सोसत नाहीं. घणानें किंवा एकाच जागीं जाळ दिल्यानें केसासारखी चीर पडते आणि ती रंगाखालीं दडून राहते. फिरत्या चाकास फोडूं पाहणारा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणें वाढतो; वेग दीडपट झाला, तर जोर सव्वादोनपट होतो. गव्हर्नर बिघडून इंजिन पळत सुटलें, तर चिरलेलें चाक फुटून त्याचे तुकडे जवळच्या माणसाचा प्राण घेऊं शकतात.

यास्तव काढलेलें चाक टांगून लांकडी मोगरीनें हलकेंच वाजवावें. स्वच्छ नाद न येतां बद्द आवाज आला, तर तें पुन्हां चढवूं नये. वेल्डिंगनें सांधूनही चढवूं नये. नवी चावी निळा रंग लावून बसवून पाहावी. ती पूर्ण लांबीभर टेकली पाहिजे. ढिली चावी खांच खाते व शेवटीं दांडाही निकामी करते.

रॉकेल मुरेपर्यंत पाण्याची एक पाळी चुकेल. ती दुसऱ्या दिवशीं देतां येते.