खात्याचे गुपित आणि रुग्णाचे गुपित

शासकीय नोकराने आपल्याच खात्यातील गैरकृत्य जनतेपुढे मांडावे काय, हा प्रश्न निघाला की सेवाशर्तींचा हवाला दिला जातो. तो अगदीच निराधार नाही. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ अन्वये शासकीय माहिती परवानगीवाचून बाहेर देण्यास मनाई आहे. आणि हाती आलेला प्रत्येक कागद जो तो वृत्तपत्राकडे धाडू लागला, तर कारभार चालणार नाही हेही खरे. परंतु खात्याचे गुपित आणि रुग्णाचे गुपित यांत आपण वैद्यकांनी तरी गल्लत करू नये. रुग्णाचे गुपित राखणे हा आपला व्यवसायधर्म होय. खात्याच्या गुपितास मर्यादा आहे, आणि ती कोठे येते हे अमेरिकेतील टस्कीगी प्रकरणात स्पष्ट दिसते.

अलाबामा राज्यातील टस्कीगी परिसरात तेथील शासनाच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने १९३२ साली सुमारे ६०० गरीब कृष्णवर्णीय पुरुषांची पाहणी सुरू केली. त्यांपैकी ३९९ जणांना सिफिलिस होता. त्यांना रोगाचे नाव न सांगता 'रक्त बिघडले आहे' एवढेच सांगितले गेले. उपचार न केल्यास रोग कसा वाढतो, हे पाहावयाचे होते! पाठीच्या कण्यातून पाणी काढण्याची तपासणी 'खास मोफत उपचार' म्हणून खपविली गेली आणि शवविच्छेदनाच्या संमतीच्या मोबदल्यात अंत्यविधीचा खर्च देऊ केला गेला. १९४७ च्या सुमारास पेनिसिलिन हा सर्वमान्य उपचार ठरला, तरीही या मंडळींना ते मिळू दिले नाही. अनेकांच्या पत्नींना लागण झाली, काही अर्भके जन्मजात सिफिलिस घेऊन आली. नाकातून वाहणारा रक्तमिश्रित स्राव, सोलवटलेली त्वचा, हाडांच्या वेदनेमुळे हात न हलविणारे बाळ, हे चित्र बालरोगतज्ज्ञाला नव्याने सांगावयास नको. गरोदर मातेला वेळीच पेनिसिलिन दिले की हे टळते.

यातली सर्वांत बोचरी गोष्ट अशी, की ही पाहणी गुप्त नव्हतीच. १९३६ पासून तिचे निष्कर्ष वैद्यकीय नियतकालिकांत छापून येत होते. डॉक्टर ते वाचत होते आणि पान उलटत होते. १९६५ मध्ये अर्विन शॅट्झ या डॉक्टरांनी निषेधाचे पत्र लिहिले. त्यास उत्तर आले नाही.

पीटर बक्स्टन हा त्याच सेवेतील, वैद्यकीय पदवी नसलेला एक साधा कर्मचारी. १९६६ मध्ये त्याने वरिष्ठांकडे रीतसर तक्रार केली, तेव्हा त्याला बोलावून खडसावण्यात आले. १९६८ मध्ये त्याने पुन्हा लिहिले. १९६९ मध्ये तज्ज्ञ समिती बसली आणि एका सदस्याचा विरोध वगळता तिने पाहणी चालू ठेवण्याचाच निर्णय दिला. ज्यांच्यावर आक्षेप, त्यांच्याच व्यवसायबंधूंकडे निवाडा! अखेर नोकरी सोडल्यावर बक्स्टनने कागदपत्रे एका पत्रकार मैत्रिणीकडे दिली. जुलै १९७२ मध्ये बातमी फुटली आणि त्याच वर्षी ४० वर्षांची ती पाहणी बंद पडली.

बक्स्टनने प्रथम घरातलाच दरवाजा ठोठावला, हे मला महत्त्वाचे वाटते. मात्र आत दाद लागत नाही आणि इजा चालूच आहे, अशी खात्री पटल्यावर गप्प बसणे म्हणजे त्या इजेत सहभागी होणेच होय.

आपल्याकडे किंमत अधिक पडते. सत्येंद्र दुबे या अभियंत्याने महामार्गाच्या कामातील गैरप्रकारांविषयी नाव गुप्त ठेवण्याची विनंती करून पंतप्रधान कार्यालयास लिहिले होते. ते पत्र नावासह कचेऱ्याकचेऱ्यांतून फिरले आणि २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांची हत्या झाली. २०१४ मध्ये अशा तक्रारदारांच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला खरा. दशक उलटले तरी तो अमलात आणणारी अधिसूचना निघाली नाही. तूर्त केंद्रीय सेवेतील आपल्या सहकाऱ्यांपुढे केंद्रीय दक्षता आयोगाचा २००४ पासूनचा मार्ग आहे. तक्रार बंद लिफाफ्यात पाठवावी. लिफाफ्यावर स्वतःचे नाव घालू नये, आतील पत्रात मात्र घालावे. निनावी तक्रारीची तेथे दखल घेतली जात नाही.